सांधे जोडून घ्या

मंगळवार, २ मे

—आणि मी प्रोग्राम विकायला आलेल्या डेमोवाल्याच्या हातातून माउस काढूनच घेतला. पडद्यावर इमारत भोवऱ्यासारखी फिरवत होता. ती थांबवली. जवळ नेली. म्हटलं, हा कॉलम बघा.

पुढच्या खोलीने आखलेला कॉलम लांबट, तोंड रस्त्याकडे. बटण दाबून तोच कॉलम गणिताच्या प्रोग्राममध्ये आणला, तर तो तोंड फिरवून उभा. काटकोनात. रुसलेल्या माणसासारखा.

डेमोवाला म्हणाला, ते सेटिंगमध्ये आहे. त्यांचं सगळंच सेटिंगमध्ये असतं.

साडू हसला. "साडूबुवांना फिरलेली माणसं चालतात. फिरलेला कॉलम चालत नाही." पुढची खोली हसली. पुढच्या खोलीला तो पगार हसण्याचाच देतो.

सासरे हसले नाहीत. चष्मा पुसत बसले होते. डेमोवाला गेल्यावर दार लोटलं आणि आम्हा दोघांना सांगितलं ते असं. पुढच्या खोलीत इमारती आखल्या जातात, मागच्या खोलीत त्या उभ्या राहतील का ते बघितलं जातं, आणि दोन्ही खोल्यांचे प्रोग्राम एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक इमारत दोनदा उभी करावी लागते. हे बंद. आखणी आणि गणित एकमेकांना कळेल अशी एकच जोडी घ्यायची. दोघांनी आपापली जोडी मांडावी. एकोणीस तारखेला निर्णय.

पुढचं त्यांनी चहा सांगावा तसं सांगितलं. डोळे साथ देत नाहीत. नकाशांवर सही करणं थांबवायचं आहे. "ज्याची जोडी घेऊ, त्याने सही करायची. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम बघायचं."

साडूने मान डोलावली. मीही.

त्याच्या हाताखाली!

गुरुवार, ४ मे

हे एकदा लिहून ठेवतो. मी या ऑफिसात आलो तेव्हा साडू कुठेही नव्हता. धाकट्या मुलीशी माझं लग्न झालं, तेव्हा थोरलीचं जमायचं होतं. मागची खोली मी घडवली. भिंतीला ओल होती, तिथे कपाट लावलं. मग थोरलीने हा आणला. वयाने माझ्याहून लहान. नात्याने एका दिवसात मोठा. तेव्हापासून तो "मोठे जावई" आणि मी "धाकटे". सासरे ऑफिसातही तशीच हाक मारतात. मागून आला आणि तिखट झाला, ही म्हण माझ्या घरातच तयार झाली असावी.

तोही इंजिनियर आहे. पदवी तरी तसं म्हणते.

त्याची जोडी: डेमोवाल्याची. एकाच कंपनीचे दोन्ही प्रोग्राम, जुळे भाऊ. आखलं की बटण, बटण दाबलं की गणित. माझी जोडी: गणिताचा माझा जुनाच प्रोग्राम, आणि त्याला वाचता येईल असं चित्र काढणारा नवा. चित्रातून फक्त रेषा येतील. कुठली रेषा कुठे जोडायची ते माणूस बघून ठरवेल. साडू याला दुप्पट काम म्हणतो. मी याला तपासणी म्हणतो. ज्याने इमारत स्वतःच्या हाताने पुन्हा उभी केली नाही, त्याने ती बघितलेलीच नाही.

शुक्रवार, ५ मे

डेमोवाल्याने पुढच्या खोलीत पेढे नाही, पेनं वाटली. मागे आलाच नाही.

सोमवार, ८ मे

साडूने खेळी केली. नमुन्याची इमारत घेऊन दाखवायच्या ऐवजी चालू काम घेतो म्हणाला. वसतिगृह. एक भाग पाच मजली, लगतचा दोन मजली. जागेवर खोदाई झालेली आहे आणि ठेकेदार तळमजल्याच्या कॉलमच्या नकाशाची वाट बघत बसला आहे. "खऱ्या कामावरच दाखवतो," साडू म्हणाला. सासऱ्यांना खरं काम हा शब्द आवडतो. हो म्हणाले. यावेळी मागे पाठवायची गरज नाही, असंही ठरलं. मागे म्हणजे माझ्याकडे. मी तिथेच उभा होतो.

दुपारी माझ्या दारात आला. आत येत नाही कधी, चौकटीला टेकतो. कपड्याला माझ्या खोलीची ओल लागेल.

म्हणाला, सांधे सुटलेत बरेच. लाल ठिपके येतात.

कारण उघड आहे. पुढची खोली कडेने आखते, गणित मध्यरेषेवर चालतं. त्यांचा बीम कॉलमच्या कडेला येऊन थांबतो. डोळ्यांना टेकलेला दिसतो. गणिताच्या लेखी तो अधांतरी. वीतभर अलीकडे हवेत लटकलेला. हे त्याला समजावून सांगायला हवं होतं का? मी माझ्या पडद्यावरून मान वर केली नाही.

"मग सांधे जोडून घ्या," मी म्हटलं. "सगळे."

तो गेला. संध्याकाळी पुढून टाळ्या ऐकू आल्या. लाल ठिपके गेले.

मंगळवार, ९ मे

डोकं दुखतं. पुढची खोली शीळ घालते.

गुरुवार, ११ मे

आज माझ्या जोडीचा दिवस. फजिती. नव्या प्रोग्राममधून रेषा आल्या, स्लॅब आलेच नाहीत. पाच मजल्यांचा सांगाडा नुसता उभा, मजल्यांशिवाय. पुढच्या खोलीतली ड्राफ्टिंगवाली म्हणाली, हा शिकणं म्हणजे डाव्या हाताने जेवणं. मी म्हटलं, उपाशी राहण्यापेक्षा बरं. कोणी हसलं नाही. माझ्या विनोदाला पगार नाही.

साडू मागे उभा राहून बघत होता. "घाई नाही. शंकासुराला वेळ द्या." हे नाव त्यानेच पाडलं. आता चहावालासुद्धा चोरून म्हणतो.

सासऱ्यांनी दोन्ही पडदे आळीपाळीने बघितले. एक दगड आहे आणि एक वीट, म्हणाले, डोक्यात कुठली घालून घ्यायची ते सांगा.

रविवार, १४ मे

सासुरवाडीला जेवण. ऑफिस टेबलावरही आलं. साडू वाढून घेता घेता म्हणाला, धाकटे पानातला भातसुद्धा दोनदा मोजतात, एकदा पातेल्यात आणि एकदा ताटात. सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग म्हणाल्या, जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, माझ्या कुंडलीत अकरावासुद्धा आहे.

मेहुणी चांगली आहे. हीच अडचण. हात धुताना हळूच म्हणाली, तुम्ही दोघांनी मिळूनच का ठरवत नाही? बाबांना तेच हवं आहे, ते बोलून दाखवत नाहीत.

मी म्हटलं, बघू. नळाला पाणी बारीक येत होतं. तिने माझ्या हातावर तांब्याने ओतलं. तिच्या नवऱ्याचा तिरस्कार करायला तिची फार अडचण होते.

घरी येताना बायको म्हणाली, काय म्हणत होती ताई? पाणी कमी येतं म्हणाली, मी सांगितलं.

सोमवार, १५ मे

दिसलं!

साडूने वसतिगृह सगळ्यांना दाखवलं. जमीन हलली तर इमारत कशी हलेल, ते प्रोग्राम मोठं करून दाखवतो. सगळे बघत होते. डेमोवाला तर आपलंच बाळ रांगतं आहे अशा चेहऱ्याने. इमारत डोलली, डावीकडे, उजवीकडे, सावकाश. बुटका भाग उंच भागाबरोबर डोलत होता. हातात हात घालून.

त्यांनी तसं डोलता कामा नये. ती एक इमारत नाहीच, दोन आहेत. मध्ये चार बोटांची फट आहे, मुद्दाम सोडलेली, दोघांनी आपापलं हलावं आणि एकमेकांना लागू नये म्हणून. त्या फटीलाच आमच्याकडे सांधा म्हणतात. मागच्या खोलीत सांधा म्हणजे फट. पुढच्या खोलीत सांधा म्हणजे बीम आणि कॉलम भेटतात ती जागा. एकाच ऑफिसात एकच शब्द, आणि अर्थ अगदी उलटे. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय काही बाहेर जातच नव्हतं.

लटकलेले बीम जोडायला त्याने प्रोग्रामला सांगितलं, वीतभर अंतरात जे जे असेल ते एक समज. प्रोग्राम आज्ञाधारक. चार बोटं वीतभरापेक्षा कमीच. फट शिवून टाकली. आता उंच भागाचं ओझं बुटक्या भागाचे कॉलम वाटून घेतात. पडद्यावर. जागेवर कोण वाटून घेणार? फटीलगतच्या रांगेतल्या उंच भागाच्या कॉलमना लोखंड कमी निघालं आहे, आणि साडू ते बचत म्हणून दाखवत होता.

मी खोलीत येऊन दार लावलं. तो भाग स्वतःच्या प्रोग्राममध्ये उभा केला. लोखंड बरंच जास्त लागतं. दोनदा बघितलं.

सगळे सांधे जोडून घ्या, असं मी म्हणालो होतो हे खरं. पण इंजिनियरने कुठला सांधा ते विचारायचं असतं. मी काय त्याच्या बोटाला धरून चालवू?

शुक्रवारी. सगळ्यांसमोर.

मंगळवार, १६ मे

बायको म्हणाली, आज गुणगुणतोयस. सांगितलं तिला. कागदावर दोन चौकोन काढून, मध्ये फट दाखवून. तिला लगेच कळलं. शेवटी मुलगी कोणाची.

"सांगितलंस का भाऊजींना?"

म्हटलं, शुक्रवारी सांगणार.

"आणि तोपर्यंत?"

तोपर्यंत काही बिघडत नाही. काम कागदावर आहे. आज सांगितलं तर तो आज दुरुस्त करेल, आणि शुक्रवारी त्याचंच बटण जिंकेल. हे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असं प्रकरण आहे. मला नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं आहे.

तिने कागद घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला. भांडी आवरायला गेली. फार आवाज करत आवरली.

बुधवार, १७ मे

ठेकेदाराने ऑफिसात येऊन धरणं धरलं. माणसं बसून आहेत, खड्डे उघडे आहेत, तळमजल्याच्या कॉलमचा नकाशा द्या. साडूने काढून आणला. सासऱ्यांनी भिंग लावून वाचला. त्या रांगेपाशी जरा थांबले. लोखंड हलकं दिसतं म्हणाले. साडू म्हणाला, आधी आपण अंदाजाने जास्त धरत होतो, आता नेमकं कळतं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शुक्रवारी सगळं मांडायचंच आहे.

पंख्याने कागद उडत होता. मी कोपरा धरला. त्यांनी सही केली. अक्षर हललं.

मी नंतर जिन्यात ठेकेदाराला विचारलं, काँक्रीट कधी? शनिवारी, म्हणाला, मिक्सर शनिवारी मिळतोय. म्हणजे शुक्रवारी थांबवता येईल. नुकसान म्हणजे बांधलेले लोखंडाचे सांगाडे सोडून पुन्हा बांधायचे, एवढंच. मी हिशेब करूनच गप्प आहे. उगाच नाही.

गुरुवार, १८ मे

उद्याचं बोलणं तयार. आधी त्याच्याच प्रोग्राममध्ये इमारत डोलवायची. मग विचारायचं, हा बुटका कशाला नाचतोय? थोडं थांबायचं. त्याला उत्तर देऊ द्यायचं. तो काहीतरी बोलेलच, उचलली जीभ लावली टाळ्याला. मग फट दाखवायची.

बायको बोलत नाही. ताईचा फोन आला तेव्हा आत जाऊन बोलली.

शुक्रवार, १९ मे

जिंकलो.

ठरवलं तसंच झालं. इमारत डोलली. मी विचारलं. साडू म्हणाला, दोन्ही भाग एकत्र काम करतात, त्यामुळे मजबुती वाढते. थांबलो. मग फटीवर नेलं आणि जवळ नेत राहिलो, शेवटपर्यंत. फट नव्हतीच तिथे. डेमोवाला सेटिंग म्हणायला तोंड उघडत होता, त्याने मिटलं. माझा सांगाडा शेजारी लावला. दोन रांगा, दोन आकडे.

साडूचा चेहरा उतरला. खोटं कशाला लिहू, बघायला बरं वाटलं. तो पडद्याजवळ आला. बोट लावून फट शोधली, आंधळ्याने चाचपावं तशी. मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"तुम्हीच म्हणालात, सांधे जोडून घ्या."

"सांधा कुठला ते इंजिनियरला कळायला हवं," मी म्हटलं. "मला बघताक्षणी कळलं. सोमवारीच."

सासरे इतका वेळ पडद्याकडे बघत होते. "कुठल्या सोमवारी?"

"या."

त्यांनी फोन उचलला. नंबर साडूने लावून दिला, त्यांना दिसत नव्हता. ठेकेदाराला म्हणाले, सांध्याजवळची रांग भरू नका. पलीकडून तो काय म्हणाला ते खोलीभर ऐकू आलं. साहेब, ती कालच भरली. मिक्सर दोन दिवस आधी मिळाला. म्हटलं, तुमची सही आहे, वाट कशाला बघायची.

सासऱ्यांनी फोन खाली ठेवला. हात त्यावरच राहिला.

"बुधवारी मी सही केली, तेव्हा तुम्ही समोर होतात ना, धाकटे?"

हो म्हटलं. शनिवारचं ठरलं होतं, असंही सांगितलं. मिक्सर आधी मिळेल हे मला कसं कळणार? ठेकेदाराने मला शनिवारच सांगितला होता. हे मी तीन-चारदा सांगितलं असेन. कोणी खोडलं नाही.

मग ते म्हणाले, निवड स्पष्ट आहे. जो प्रोग्राम माणसाला बघायला लावतो, तोच घ्यायचा. धाकट्यांची जोडी. उद्याच बसवून घ्या. डेमोवाला बॅग भरू लागला. साडूने वाद घातला नाही.

कॉलम फोडावे लागणार. ओले आहेत तोवर लवकर फुटतील. सासरे आणि साडू लगेच जागेवर गेले. साडूने त्यांना दंडाला धरून जिना उतरवला. मी खिडकीतून बघितलं. साडू म्हातारबुवांसाठी गाडीचं दार उघडून उभा. मला कोणी चला म्हणालं नाही. गाडीत जागा होती.

घरी बायकोला सांगितलं, माझी जोडी घेतली. तिने विचारलं, कॉलम भरले का? तिला आधीच कळलं होतं. ताईने सांगितलं असणार.

काही असो. जोडी माझी.

शनिवार, २० मे

सकाळी माझ्या जोडीच्या कंपनीचा माणूस आला. चित्राचा नवा प्रोग्राम पुढच्या खोलीत बसवला. गणिताचा प्रोग्राम मशीनला पेनड्राइव्हसारखी चावी लावल्याशिवाय उघडत नाही आणि ऑफिसकडे चावी एकच आहे. ती त्याने माझ्या मशीनमधून काढली आणि साडूच्या मशीनला लावली. मी विचारलं, तर म्हणाला, साहेबांनी तसं सांगितलंय. सासरे दारातच होते. बुटांना काल रात्रीचं काँक्रीट. म्हणाले, "सह्या आजपासून मोठे करतील. तुम्ही त्यांना हे नीट शिकवा, धाकटे. शिकवून झालं की मला सांगा." साडूने शेजारची खुर्ची ओढून दिली. मी बसलो.